उतरायचं कुठं?

धाराशिवात मुंबईला जायचा बेत लपवता येत नाही. कर्ज लपतं, शुगर लपते, मुलीला बघून गेलेलं स्थळसुद्धा महिनाभर लपतं. पण दिवाळीच्या सुट्टीत मुंबई बघायची एवढं आमच्या घरात ठरलं, बायको दळण घेऊन गिरणीत गेली, आणि ती परत यायच्या आत गल्लीतले तात्या आमच्या ओट्यावर येऊन बसलेले होते.

“मुंबईला चाललाव म्हणं?”

“विचार आहे.”

“उतरणार कुठं?”

प्रवासाला निघालेल्या माणसाला आमच्याकडे कोणी कशाला, कधी, किती दिवस असं विचारत बसत नाही. उतरणार कुठं, हा एकच प्रश्न. आणि तोही उत्तरासाठी नसतो, कारण उत्तर विचारणाऱ्याच्या खिशात तयार असतं. “बघतो ऑनलाइन, एखादं परवडणारं हॉटेल,” असं मी म्हणालो, तेव्हा तात्या काही क्षण बोललेच नाहीत. जिवंत माणसांच्या ओळखी असताना मोबाइलला विचारून खोली घेणं हे आमच्याकडे पोरकेपणाचं लक्षण समजतात.

तात्या महसूल खात्यातून निवृत्त झालेले. मुंबई त्यांना तोंडपाठ आहे: मंत्रालय, आकाशवाणीजवळचं आमदार निवास आणि तिथलं कँटीन. त्यापलीकडेही मुंबई असल्याचं ते ऐकून आहेत, पण त्यांची फाइल तिकडे कधी गेली नाही.

“आमदार निवासच बरं,” ते म्हणाले. “समोर मंत्रालय. पाच मिनिटांत समुद्र. अजून काय पायजे?”

“तात्या, पोरांना राणीच्या बागेतले पेंग्विन बघायचेत. आईला सिद्धिविनायक.”

“ते बघा की. पण सकाळी एकदा मंत्रालय उरकून घ्या.”

ग्रामीण महाराष्ट्राच्या मुंबईदर्शनाचा निम्मा इतिहास आमदार निवासाच्या व्हरांड्यात सतरंजीवर झोपलेला आहे. खोली आमदाराच्या नावावर, चावी पीएकडे, गादी कार्यकर्त्याकडे आणि गादीवर कार्यकर्त्याच्या मेव्हण्याचे सासरे, अशी ती रचना. एके काळी मनोरा, मॅजेस्टिक, आकाशवाणी आणि विस्तारित अशी चार निवासं होती. मॅजेस्टिक मोडकळीला आलं म्हणून रिकामं झालं, नरिमन पॉइंटचं मनोरा धोकादायक ठरवून पाडलं. पण आमच्या भागातल्या कार्यकर्त्यांच्या शब्दात या चारही इमारती अजून भक्कम उभ्या आहेत.

तात्यांनी लगेच एका कार्यकर्त्याला फोन लावून स्पीकरवर टाकला.

“किती माणसं? सात? सातची काय गोष्ट करता, सत्तर आणा! मनोऱ्यात दोन रूम सांगतो.”

“पण मनोरा पाडलं ना?” मी विचारलं.

“नवीन होऊलालंय की.”

“मग आम्ही राहायचं कुठं?”

“तुमी जाईस्तवर व्हील ओ.”

तात्या गेले आणि बापू आले. बापू भावाच्या ऑपरेशनसाठी परळला राहून आलेले. त्यांची मुंबई केईएमच्या दारात सुरू होते आणि टाटाच्या दारात संपते. “परळच घ्या,” ते म्हणाले. “रात्री दोनला औषध लागलं तरी दुकान उघडं असतंय.” आम्हाला औषध कशाला लागेल, असं मी म्हणालो. बापूंनी आमच्या सगळ्यांकडे आळीपाळीनं बघितलं. “लागंल,” ते म्हणाले. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, तिचंही नाव त्यांनी काढलं. पण ती कॅन्सरवर उपचार घ्यायला आलेल्यांसाठी आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी. तिथं जाऊन धडधाकट माणसांनी पेंग्विनसाठी जागा मागावी इतके आम्ही कोडगे नव्हतो. बापूंच्या मते मात्र आईचे गुडघे पुरेसे होते.

कापड दुकानवाल्यांची मुंबई म्हणजे काळबादेवी आणि मंगळदास मार्केट. त्यांनी एक लॉज छातीठोकपणे सांगितला. खोलीला खिडकी नाही, पण गठ्ठे उचलायला हमाल दारात. आमच्याकडे गठ्ठे नाहीत, म्हटल्यावर ते हसले. “जाताना नसतील. येताना असतील. वहिनी बरोबर आहेत ना?”

सगळ्यात अवघड मुंबई म्हणजे नातेवाइकांची. डोंबिवलीच्या आत्यांना कुठून कळलं देव जाणे, पण त्यांचा फोन आला. “हॉटेल कशाला रे? घर असताना हॉटेलात राहणार? लोक काय म्हणतील?” आता या वाक्याचं तोलमापन करायला अनुभव लागतो. खरंच बोलावणारा माणूस कोणत्या गाडीनं येताय ते विचारतो. आत्यांनी गाडी विचारली नाही. त्यांनी हॉलला रंग काढल्याचं सांगितलं, मग पाणी एक दिवसाआड येतं ते सांगितलं, मग सकाळी सात ते दहा डोंबिवलीच्या फलाटावर काय होतं ते सविस्तर सांगितलं, आणि शेवटी “पण तुम्ही याच” म्हणून फोन ठेवला. आईनं नुसतं ऐकून निकाल दिला: “नको म्हणलीय.”

एवढं झाल्यावर मी निर्लज्ज होऊन मोबाइल उघडला.

ऑनलाइन खोल्यांचा फोटो खोलीच्या कोपऱ्यात, कपाटावर चढून काढतात असा माझा कयास आहे. एरवी दहा बाय आठच्या खोलीत कुस्त्यांचं मैदान दिसायचं कारण नाही. पलंगावर टॉवेलचे दोन बदक चोचीला चोच लावून बसलेले. आमची मुलगी म्हणाली, बदकवालंच घेऊ. पाच हजार सहाशेवर काट मारून शेजारी तेराशे नव्व्याण्णव लिहिलेलं. पाच हजार सहाशे आजवर कोणी दिले असतील का, हा प्रश्न मनात येतो, पण तोपर्यंत खाली लाल अक्षरं उमटतात: ‘फक्त 1 खोली शिल्लक!’ आणि त्याखाली, ‘आत्ता 9 जण ही खोली बघत आहेत.’

माझ्या हाताला घाम सुटला. नऊ जण! मुंबईला जायला निघालेली नऊ कुटुंबं, आणि त्यातलं कोणीही आपल्या तोंडचा घास पळवणार. मी बायकोला ओरडून कार्ड मागितलं. तेवढ्यात मेव्हण्याचा फोन आला, “दाजी, त्या खोलीच्या बाथरूमचा फोटो का टाकला नाही?” मग चुलतभावाचा. मग पुण्याच्या भाचीचा. लिंक मीच घरच्या ग्रुपवर टाकली होती. ते नऊ जण आमचेच होते.

अभिप्राय वाचू नयेत, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. ‘गरम पाणी नाही, गार पाणी कधी कधी, स्टाफ प्रेमळ,’ पाच तारे. ‘सर्व उत्तम, स्वच्छ, स्टेशनजवळ, मिसेसला आवडले नाही,’ एक तारा. एकानं ‘समुद्र दिसतो’ लिहिलं होतं आणि त्याखाली दुसऱ्यानं, ‘स्टूल सोबत न्यावे.’ बायको फक्त उशांवरचे अभिप्राय वाचायची. ती मुक्कामाच्या खोलीत शिरली की आधी बाथरूम, मग उशीचा वास, मग घरून आणलेल्या चादरी, असा तिचा क्रम आहे. हॉटेलनं पुरवलेल्या कुठल्याही कापडाला आमच्या कुटुंबाचा स्पर्श होऊ देत नाही. मुलाला वायफाय हवं होतं. आईची एकच अट, संडास कोणत्या पद्धतीचा, आणि ती प्रत्येक ठिकाणी फोन करून मला मोठ्यानं विचारायला लागायची, कारण रेंज फक्त ओट्यावर.

तारे देणाऱ्यांचा मला राग येत नाही. यजमानपणही आम्ही भोगलेलं आहे. जानेवारी 2020 मध्ये 93वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या गावात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला भरलं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते, आणि त्या दिवसांत अख्ख्या साहित्यविश्वाला एकच प्रश्न पडला होता: उस्मानाबादला उतरायचं कुठं? पाहुण्यांची सोय लावायला मीही हौसेनं धावत होतो. एका कवीला खिडकीतून झाड दिसायला हवं होतं. आम्ही बाभळ दाखवली. दुसऱ्या कवीला पहिल्या कवीच्या शेजारची खोली नको होती. का, ते त्यानं सांगितलं नाही. पहिल्यानं रात्री दीडपर्यंत मोठ्यानं काव्यवाचन करून ते सगळ्या मजल्याला कळवलं.

तुळजापूरला तर हा प्रश्नच नाही. तिथं पिढ्यान्‌पिढ्या भाविक आपापल्या पुजाऱ्याच्या घरी उतरत आलेत. गावात शिरायचं, पुजाऱ्याचं आडनाव सांगायचं, पुढचं गाव बघतं. आता लॉज भरपूर झाले, आणि प्रत्येक लॉज मंदिरापासून फक्त पाच मिनिटांवर आहे. मंगळवारी, शुक्रवारी, रविवारी आणि पौर्णिमेला ती पाच मिनिटं कितीही लांबू शकतात, हा भाग वेगळा.

तर मुंबई. पुतण्या ऐरोलीला नोकरीला आहे, घणसोलीत चौघांत एक फ्लॅट घेऊन राहतो, म्हणजे घरात तो मुंबईचा अधिकारी माणूस. “काका, वाशीला घ्या. हार्बर लाइन. वाशीत बसलं की थेट सीएसएमटी. गाडी सरळ जाते, बदलायची भानगड नाही.” हे सगळ्यांना पटलं. मुलानं मराठीत ‘वाशी’ टाकून शोधलं आणि पाच मिनिटांत किंचाळत बाहेर आला. नऊशे रुपये! पार्किंग फुकट! शांत परिसर, गर्दीपासून दूर! मुंबईत नऊशेला पार्किंगसकट खोली मिळते, आणि लोक उगाच त्या शहराला महाग म्हणतात, यावर घरात एकमत झालं. मी कार्डाचे आकडे घालायला बसलो. आई नकाशा बघत होती, म्हणजे मुलगी वाचून दाखवत होती.

“शेजारी येरमाळा आहे, आजी.”

“येडाईचं येरमाळा?” आईनं हात जोडले. “देवी मुंबईतबी हाय?”

ती वाशी आमचीच होती. जिल्ह्यातल्या आठ तालुक्यांपैकी एक, घरापासून तास-दीड तासावर, आमचे व्याही जिथं राहतात ती. पेंग्विन तिथून जरा लांब पडले असते.

मग भाचा आला. तो करसल्लागाराकडे कामाला आहे आणि त्यामुळे त्याला कुठल्याही आनंदाच्या प्रसंगी टक्केवारी आठवते. हजार रुपयांच्या आतल्या खोलीला पूर्वी जीएसटी माफ होता. 18 जुलै 2022 ला ती माफी गेली आणि 12 टक्के बसले. 22 सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला 5 टक्के. “म्हणजे मामा, चोवीसशेच्या खोलीमागं तुमचे 168 रुपये वाचले.” घरात एकदम सुबत्ता आली. वाचलेल्या 168 रुपयांत मेव्हण्यानं एसी घ्यायचं ठरवलं, एसीला सहाशे जास्त होते. बायकोनं त्याच 168 मध्ये नाश्ता धरला. मुलीनं डबलडेकर. बुकिंग व्हायच्या आत ते 168 रुपये आम्ही तीन वेळा खर्चून बसलो होतो.

शेवटी दादर. दादरवर एकमत झालं याचं कारण ते कोणाचंच नव्हतं. मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वे दोन्ही तिथं भेटतात, सिद्धिविनायक जवळ, आणि आम्हाला सल्ला देणाऱ्यांपैकी कोणीही तिथं कधी राहिलेलं नव्हतं, त्यामुळे मुक्काम बिघडला तरी कोणाचा अपमान होणार नव्हता. स्टेशनपासून पाच मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, फोटोत तसेच बदक, आणि ‘शांत परिसर’. लिफ्टबद्दल त्यांनी काही लिहिलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं.

आमच्या स्टेशनातून रात्री लातूर-मुंबई एक्स्प्रेस पकडली की सकाळी मुंबई. इथपर्यंत सगळं छान. पण गाडी सकाळी पोचते आणि लॉजची खोली बाराला मिळते, ही गोष्ट रेल्वे आणि लॉज यांनी एकमेकांना अजून सांगितलेली दिसत नाही. शिवाय दादरच्या पुलावर माणूस आपल्या मर्जीनं चालत नाही. आम्हाला डावीकडे जायचं होतं, लोंढा उजवीकडे चालला होता, आम्ही उजवीकडे गेलो. मेव्हणा बॅगेसह एकदा पूर्वेला उतरला, एकदा पश्चिमेला, आणि दोन्ही वेळेला त्यानं फोनवर ‘मी बरोबर आहे, तुम्ही चुकलात’ असंच सांगितलं.

काउंटरवर मॅनेजर बसलेले. मागे पाटी: बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत. पाटीखालच्या बाकावर बसून आईनं धपाट्यांचं गाठोडं सोडलं, शेंगाचटणी काढली आणि शांतपणे जेवायला सुरुवात केली. मी रजिस्टर भरायला घेतलं. नाव, वय, कुठून आलात, कुठे जाणार, येण्याचे कारण. कारणात मी ‘पेंग्विन’ लिहिलं. गावात ‘धाराशिव’.

मॅनेजरांनी आमची आधार कार्डं पाहिली. “रजिस्टरला धाराशिव, कार्डावर उस्मानाबाद. तुमच्या मेव्हण्यांच्या कार्डावर मात्र धाराशिव. एकत्र आलात म्हणता आणि गावं दोन?”

“गाव एकच आहे. 2023 ला नाव बदललं. त्यांनी कार्ड नवीन करून घेतलं, मी राहिलोय.”

“कुठं आलं हे?”

मी सोलापूर सांगितलं, लातूर सांगितलं, बार्शी सांगितली. त्यांच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. बारा म्हणजे बारा, ते म्हणाले. लवकर हवी असेल तर अर्धा दिवस जास्तीचा. आईनं तोंडातला घास संपवला आणि बाकावरूनच म्हणाली, “तुळजापूरच्या शेजारी हाय बाबा आमचं गाव.”

मॅनेजर उठून उभे राहिले. चप्पल काढली. “आई तुळजाभवानी? आमचं कुलदैवत! आधी नाही का सांगायचं?” मग त्यांनी पोऱ्याला हाक मारून दोन्ही खोल्या तेव्हाच, सकाळी नऊला, उघडायला सांगितल्या. आईनं त्यांना पाटीखालीच एक धपाटा दिला आणि त्यांनी तो पाटीखालीच खाल्ला. तात्या, बापू, कार्यकर्ता, अख्खा जिल्हा पालथा घालून जे जमलं नाही ते आईच्या ओळखीनं झालं. कोणत्या आईच्या, यावर घरात अजून वाद आहे.

खोलीत बदक नव्हते. ते फोटोपुरतेच पाळलेले असावेत. खिडकी होती, ती समोरच्या इमारतीच्या खिडकीत उघडायची, आणि तिथले आजोबा आम्ही आल्यापासून आमचं बघून टीव्ही लावेनासे झाले. ‘शांत परिसर’ हेही पहाटे साडेतीनपर्यंत खरं निघालं. साडेतीनला खाली फुलांचा बाजार जागा झाला. टेम्पो, हातगाड्या, झेंडूच्या पाट्या, भावावरून भांडणं. आम्ही कानांवर उशा घेतल्या, म्हणजे घरून आणलेल्या चादरींत गुंडाळलेल्या उशा. आई मात्र उत्साहानं खाली गेली आणि तासाभरानं पदरात शेवंती घेऊन परतली. गावाकडच्या निम्म्या भावात मिळाली म्हणे. त्यानंतर रोज पहाटे ती खरेदीला जायची. निघताना कापड दुकानवाल्यांचं खरं ठरलं, गठ्ठे झालेच. ते झेंडूचे होते आणि उचलायला हमाल दारात नव्हता.

परत आल्यावर गल्लीत माझा भाव वाढला. कोणी मुंबईला निघालं की मी ओट्यावर जाऊन बसतो. “दादर,” मी सांगतो. “दुसरीकडं बघूच नका. शेवंती स्वस्त.”

परवा दादरच्या मॅनेजरांचा फोन आला. मुलाचं लग्न झालंय, जोडीला घेऊन देवीच्या दर्शनाला यायचंय, गोंधळ घालायचाय, माणसं सतरा. मंदिराजवळ हवं, स्वस्त हवं, गाडी लावायला जागा हवी, सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी कमोड हवा, आणि सकाळी सहाला पोचल्या पोचल्या खोली हातात हवी. मी सांगितलं, पौर्णिमा आहे, अवघड आहे.

“मी बघितलंय ऑनलाइन,” ते म्हणाले. “तुमच्याच जिल्ह्यात एक ठिकाण दिसतंय. नऊशे रुपये, पार्किंग फुकट, गर्दीपासून दूर. वाशी नाव आहे बघा, आमच्या वाशीसारखंच. घेऊ का?”

“घ्या की,” मी म्हणालो. “गाडी सरळ जाते.”